चुलीचा तंबू केव्हा न्यायचा

माझी मुलगी शिकार करते, हे मी आता लोकांना सरळ सांगते. पूर्वी सांगायची नाही. आमच्या शॉमबर्ग गावच्या मराठी घोळक्यात कुणाची मुलगी डॉक्टर, कुणाची वकील. माझी? ‘कोलोरॅडोत असते, पुलांचं डिझाइन करते,’ एवढं सांगून मी समोरच्या काकूंच्या ताटात आणखी एक बटाटेवडा टाकायची, म्हणजे त्यांचं तोंड बंद. खोटं काहीच नव्हतं. वर्षभर ती पूलच करते. फक्त ऑक्टोबर संपत आला की पाठीवर पन्नास पौंडांची सॅक आणि खांद्याला रायफल लावून डोंगरात एल्कच्या मागे जाते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. अंगानं घोड्याएवढा, आणि स्वभावानं माझ्या सासऱ्यांसारखा. जरा कुठे पाचोळा वाजला की उठून चालता.

आणि गेली चार वर्षं तिच्याबरोबर मी जाते. हो, मीच. वय एकसष्ट, उंची पाच फूट एक, डाव्या गुडघ्याला पट्टा.

झालं असं, की तिच्याबरोबर जाणाऱ्या मैत्रिणीला बाळ झालं. मी फोनवर म्हटलं, एकटी गेलीस तर माझ्याशी गाठ आहे. ती म्हणाली, ‘मग तू चल.’ तिला वाटलं, आई गप्प बसेल. पण मी कोयनेच्या खोऱ्यातली. मला कुणी ‘तुला जमणार नाही’ असं नुसतं सुचवलं तरी माझं डोकं फिरतं. मी त्याच दिवशी जाऊन बूट घेतले. आमचे हे म्हणाले, ‘जा, जा. तू बरोबर असलीस की एल्क सुरक्षित.’ असल्या बोलण्याकडे मी तेहतीस वर्षं दुर्लक्ष करत आले आहे.

बंदुकीला मी हात लावत नाही. माझी कामं म्हणजे पाणी गाळणं, खायला करणं, तंबू सांभाळणं आणि गप्प बसणं. शेवटचं सगळ्यात अवघड.

लोक विचारतात, तुला तिथं काय मिळतं? खरं सांगू? मला तिथं माझी मुलगी मिळते. वर्षभर मी तिला चार-चार ओळींचे मेसेज लिहिते, उत्तरादाखल एक अंगठा येतो. ‘जेवलीस का?’ अंगठा. ‘ताप उतरला का?’ अंगठा. अगं, अंगठ्यावरून ताप कळतो का? पण डोंगरात नेटवर्क नाही. साडेपाचला अंधारून येतं, करायला काही नसतं आणि मग ती बोलायला लागते. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, ते का मोडलं, हे मला तंबूत कळलं. नोकरी सोडायचं तिच्या मनात होतं आणि तिला भीती वाटत होती, तेही तिथंच. अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत. त्या नऊ दिवसांसाठी मी एल्कच काय, मगरी धरायलासुद्धा गेले असते.

आता तंबूचं सांगते, कारण यंदाचं सगळं रामायण तंबूवरूनच झालं.

आमच्याकडे तंबू दोन. एक साधा, तीन पौंडांचा. त्यात दोघी शेजारी शेजारी झोपलो की एकीनं कूस बदलली तर दुसरीला बदलावीच लागते. दुसरा चुलीचा, लेकीच्या भाषेत ‘हॉट टेंट’. तो उंच, मधे एक खांब, खाली बूड नाही आणि छताला एक भोक. आत चपलांच्या खोक्याएवढी पत्र्याची घडीची चूल. तिचं धुराडं त्या भोकातून बाहेर काढायचं. काटक्या घातल्या की दहा मिनिटांत स्वेटर काढायची वेळ येते. दोरी बांधून मोजे वाळत घालता येतात, चहा होतो, मांडी घालून बसता येतं. स्वर्ग म्हणा ना. पण हा स्वर्ग बारा पौंडांचा, आणि जिथं टूथब्रशचा दांडा कापून वजन वाचवतात तिथं बारा पौंड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय लाकूड शोधा, करवतीनं कापा, राखेवर लक्ष ठेवा.

म्हणून चुलीचा तंबू न्यायचा की नाही, हा प्रश्न आमच्याकडे ऑगस्टपासून लग्नाच्या मुहूर्तासारखा चघळला जातो. मुलगी इंजिनियर, तिचे नियम ठरलेले. ती म्हणते, थंडी किती आहे ते सगळ्यात शेवटी बघायचं. कोरड्या थंडीला चांगली स्लीपिंग बॅग पुरते. आधी बघायचं ते किती दिवस राहायचंय, हवा ओली आहे की कोरडी, जवळपास वाळलेलं लाकूड आहे का, आणि गाडीपासून किती लांब जायचंय. भिजलेली वस्तू डोंगरात आपोआप वाळत नाही, तिला चूलच लागते. मी दरवर्षी हे ऐकून मान डोलवायची. मान डोलवणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला आता कळलंय.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. इथं शिकारीला परवाना लागतो, लेक त्याला ‘टॅग’ म्हणते, आणि चांगल्या भागाचा परवाना सोडतीत निघतो. दरवर्षी अर्ज करायचा, दरवर्षी नकार घ्यायचा. नकार साठत गेले की तुमचा नंबर वर सरकतो. एकदा परवाना मिळाला की साठवलेलं सगळं संपलं, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या लेकीनं आठ वर्षं नकार साठवले आणि यंदा तिला हव्या त्या भागाचा नऊ दिवसांचा परवाना लागला. त्या दिवशी अंगठा नाही, चक्क फोन आला. नकाशावर तिनं मला जागा दाखवली. दोन कड्यांच्या मधे परातीसारखी खोलगट जागा, झाडं संपतात त्याच्याही वर. मोठे एल्क तिथं असतात म्हणे. ती तिला ‘अप्पर बेसिन’ म्हणायची, मी परात म्हणायला लागले.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो. मधेच तिच्या मैत्रिणीचा, त्या बाळवालीचा, कॉम्प्युटरवर फोन आला. ‘आई, होल्ड ऑन,’ म्हणाली आणि फोन ओट्यावर उपडा ठेवून गेली. कट केला नाही. मीही केला नाही, दोष मान्य. दोघी इंग्रजीत बोलत होत्या, पण मी त्याचं मराठी सांगते. ती म्हणाली, ‘आई येणार म्हणजे चुलीचा तंबू आलाच. वर झाडं नाहीत, लाकूड नाही. त्यामुळे बेसिन गेलं.’

मी फोन ठेवून दिला.  आठ वर्षं पोरीनं वाट बघितली आणि तिच्या वाटेत कोण आडवं आलं? आई. बारा पौंडांचा तंबू तिला नको होता, तो माझ्या गुडघ्याला, माझ्या थंडीला हवा होता. म्हणजे ओझं तंबूचं नव्हतंच.

सरळ मार्ग होता. ‘बाळ, यंदा मी येत नाही’ म्हणायचं. शहाण्या बाईनं तेच केलं असतं. पण माझ्याच्यानं होईना. त्या नऊ दिवसांवर मी उरलेलं वर्ष काढते हो! मग दुसरा मार्ग उरला. चुलीचा तंबू मला नकोच आहे, असं तिला पटवायचं. मला थंडी वाजतच नाही, हे सिद्ध करायचं. मग ती परातीतही जाईल आणि मीही जाईन.

दुसऱ्याच दिवशी मी फोन केला. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी सवय. आधी हवापाणी, मग तिच्या गाडीचे टायर, मग हळूच म्हटलं, ‘काय गं, त्या चुलीच्या तंबूनं माणूस फार नाजूक होतो नाही?’

‘कोण म्हणालं?’

‘मीच म्हणते. मला आत गुदमरतं. यंदा साधाच नेऊ.’

‘आई, आर यू शुअर? गेल्या वर्षी तू चुलीपासून हलत नव्हतीस.’

‘गेल्या वर्षी मी लहान होते,’ मी म्हटलं.

तिचा विश्वास बसला नाही. इंजिनियरला पुरावा लागतो. मग मी पुरावा तयार करायला घेतला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून मी घराच्या मागच्या डेकवर झोपायला लागले. स्लीपिंग बॅग, कानटोपी, शेजारी खुर्चीवर थर्मामीटर. आमचे हे पहिल्या दिवशी म्हणाले, ‘अगं, लोक काय म्हणतील?’ मी म्हटलं, ‘लोकांना गाद्या आहेत, त्यांना काय म्हणायचंय?’ मग त्यांनी हात टेकले आणि सकाळी सहाला दार जरासं उघडून तेवढ्या फटीतून चहाचा कप बाहेर सरकवायला लागले. मी घेतला की दार बंद. तुरुंगात कैद्याला ताट सरकवतात तसं.

चौथ्या सकाळी मात्र घोळ झाला. शेजारची आजी कुत्रं फिरवायला निघाली होती. तिला आमच्या डेकवर बॅगेतून बाहेर आलेलं माझं नाक दिसलं आणि दाराच्या फटीतून चहा देणारा पुरुषाचा हात दिसला. तिनं जो अर्थ काढायचा तो काढला. अर्ध्या तासात दारात पोलीस. अगदी गोड मुलगा होता. त्यानं मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, ‘मॅम, तुम्ही घरात सुरक्षित आहात ना?’ मी म्हटलं, ‘मी सुरक्षितच आहे, मी प्रॅक्टिस करतेय.’ कसली? ‘शिकारीची.’ त्यानं यांच्याकडे बघितलं. हे बिचारे पायजम्यात, हातात गाळणी. त्यांचा चेहरा बघून मला इतकं हसू फुटलं की त्या पोराला आणखीच संशय आला. शेवटी मी थर्मामीटर दाखवला, लेकीचे बंदुकीसकट फोटो दाखवले, आणि त्याला आल्याचा चहा पाजूनच परत पाठवलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, बरंच झालं, डोंगरात गप्प बसायची तीही प्रॅक्टिस होईल.

पण मुलीला फोटो गेले. अडतीस डिग्री, इथल्या फॅरनहाइटमधे हं, म्हणजे आपले जेमतेम तीन, मी आणि माझं लाल नाक. तिनं ते बघितले. मग फोन केला.

‘तुला खरंच हॉट टेंट नकोय?’

‘नको.’

‘शुअर?’

‘किती वेळा विचारशील? नको म्हणजे नको.’

‘ओके,’ ती म्हणाली. ‘मग वर जाऊ.’ मला वाटलं ती आनंदानं उडी मारेल. तिनं मारली नाही. मी मनात म्हटलं, आतल्या आत मारली असेल, बापावर गेलीये.

ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही निघालो. गाडी जिथं संपते तिथं सॅक चढवल्या, इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून भडक केशरी जाकिटं घातली आणि वर चालायला लागलो. परात साडेपाच मैलांवर. मला ते अंतर दोन दिवसांत कापायचं होतं, आणि मी ते कापलं, गुडघ्याला शिव्या देत. पाठीवर माझ्या थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची बाटली. शेवटची झाडं मागे पडली. वर नुसतं पिवळं गवत, दगड, आणि वारा. साधा तंबू एका मोठ्या दगडाच्या आडोशाला लावला.

पहिल्या सकाळी बाटलीतलं पाणी दगड झालं होतं. पण हवा कोरडी, ऊन लख्ख. बॅगेत मी अशी उबदार झोपले होते की काय सांगू! मग काय, माझी टकळी सुरू. ‘बघ, म्हटलं नव्हतं? चूल लागते कशाला? उगाच लोक कौतुक करतात.’ ती हसायची, ओठावर बोट ठेवायची आणि रायफल घेऊन कड्याकडे जायची. संध्याकाळी येऊन सांगायची, दोन माद्या दिसल्या, एक लहान नर दिसला, मोठा ऐकू आला पण दिसला नाही. जेवण झालं की मात्र आम्ही लगेच आपापल्या बॅगांत. बाहेर बसवत नव्हतं, आत बसायला उंची नव्हती. ‘गुड नाइट, आई.’ संपलं. दोन दिवसांत तिनं मला एल्कशिवाय काही सांगितलं नाही. मला ते खुपत होतं, पण बोलणार कुठल्या तोंडानं? परात मीच मागून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फ पडायला लागलं. कापसासारखं नव्हे, ओलं. पावसाचं थोरलं भावंड. मी तंबूत बसून होते, मला काही झालं नाही. ती मात्र चार तास त्या बर्फात पोटावर सरकत एका नराच्या मागे गेली होती. आली तेव्हा जाकीट, पँट, मोजे, हातमोजे सगळं पिळून काढण्यासारखं. नर निसटला होता. कोरडे कपडे घालून बॅगेत शिरली, पण ओले बूट, ओलं जाकीट तसंच कोपऱ्यात. सकाळी उठलो तर बाहेर अजून तेच पडत होतं. तंबूच्या आतून पाणी ठिबकत होतं, तिच्या बॅगेचं पायाकडचं टोक भिजलं होतं, आणि बूट लाकडासारखे.

मी कोयनेच्या खोऱ्यातली. चार महिने पाऊस कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवू नये. आमच्याकडे पावसाळ्यात बाळाची दुपटी वाळायची नाहीत म्हणून शेगडीवर बुरुडाची मोठी टोपली पालथी घालायचे आणि तिच्यावर दुपटी पसरायचे. माझ्या धाकट्या भावाची दुपटी वाळवायचं काम माझंच होतं. थंडीनं पोर आजारी पडत नाही, ओल्यानं पडतं, हे माझी आई रोज म्हणायची. हेच माझी लेक ऑगस्टपासून नियम म्हणून सांगत होती. आणि मी? मी डेकवर थर्मामीटर घेऊन झोपत होते! शॉमबर्गच्या त्या आठवड्यात एक थेंब पडला नव्हता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

ती बुटांच्या नाड्या बांधायला बसली. बोटं वळेनात. तीनदा प्रयत्न केला. मग रायफल घेतली, रिकामीच, आणि खटका मागे ओढून बघायला लागली. तोही ओढता येईना. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ निळसर, आणि माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न. मला जी भीती वाटली, ती मला आजवर कधी वाटली नव्हती. आणि मला भीती वाटली की मी ओरडते.

‘चल खाली. आत्ताच्या आत्ता.’

‘नो. पाच दिवस राहिलेत, आई. इट विल क्लिअर.’

‘एल्क गेला खड्ड्यात! तुझी बोटं बघ!’

‘प्लीज डोन्ट येल. एल्क ऐकतील.’

‘ऐकू देत! त्यांनाही कळू दे तुला आई आहे!’

तिनं पुन्हा एकदा खटका ओढून बघितला. मग स्वतःच म्हणाली, ‘बोटं चालत नसतील तर बंदूक धरणं सेफ नाही.’ माझ्या ओरडण्यानं नव्हे, तिच्या नियमानं ती उठली. मी तिच्या काखेत माझे दोन्ही हात घालून, नाही, तिचे हात माझ्या काखेत घालून, दहा मिनिटं बसले. मग मी तिचे बूट बांधले. ती दुसरीत गेल्यापासून बांधले नव्हते.

समोर उतरण, पायाखाली चिखल. येताना दोन दिवस लागले होते, जाताना सहा तास. माझा गुडघा तेव्हा दुखला की नाही, मला आठवतच नाही. गाडीपाशी पोचलो, इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण सोडला. काचांवर आतून वाफ जमली. सगळ्या गाडीत ओल्या लोकरीचा आणि तुपाचा वास. तिनं, नेटवर्क नसलं तरी चालतं अशा तिच्या सॅटेलाइटच्या यंत्रावरून, बापाला ‘सगळं ठीक’चा मेसेज पाठवला. मी कोरडे मोजे शोधायला मागची डिकी उघडली, तर तिथं, ताडपत्रीखाली, चुलीचा तंबू. चूल, धुराडं, करवत, सगळं नीट बांधून ठेवलेलं.

मी नको नको म्हटलं तरी पोरीनं तो आणला होता. मी पुढं येऊन बसले आणि म्हटलं, ‘हे बघ. तू मला खालच्या गावातल्या मोटेलवर सोड. हवा उद्या उघडेल. तू एकटी वर जा, तुझ्या परातीत. पाच दिवस आहेत. मी टीव्ही बघत बसेन.’

‘व्हाय?’

‘व्हाय काय व्हाय! मी ऐकलंय सगळं. सप्टेंबरमधे. तू फोन ओट्यावर ठेवून गेलीस तेव्हा. आई आली की तंबू आला, तंबू आला की बेसिन गेलं. म्हणून मी तंबू नको म्हटलं. म्हणून मी मूर्खासारखी डेकवर झोपले. मला तुझ्याबरोबर यायचं होतं गं. आणि तुझं नुकसानही करायचं नव्हतं. दोन्ही करायला गेले आणि तुझी बोटं निळी केली.’ 

ती माझ्याकडे वळली. बोटं हीटरच्या जाळीवर.

‘तू माझा कॉल ऐकलास?’

‘ऐकला.’

‘दॅट्स सो रूड, आई.’

‘आहेच मी रूड.’

‘बेसिन गेलं, असं मी म्हटलं,’ ती हळूहळू, शब्द शोधत म्हणाली. ‘वाईट झालं, असं कुठे म्हटलं?’

‘म्हणजे?’ मी म्हटलं.

‘टॅग माझा आहे. आठ वर्षं मी थांबले. कुठे जायचं ते मी ठरवणार ना? मी ठरवलं होतं. खाली झाडांत कॅम्प, हॉट टेंट, आणि तू. माझं डिसाइड झालं होतं, आई, मी लाकूडसुद्धा नकाशावर बघून ठेवलं होतं. मग तू रोज फोन करायला लागलीस. तंबू नको, तंबू नको. डेकवर झोपलीस. पोलीस आले! मला वाटलं, आईला बेसिन बघायचंय. एवढं बघायचंय तर नेऊ या. मी तुझ्यासाठी वर गेले.’

म्हणजे बघा. जिला परात नको होती ती माझ्यासाठी परातीत, आणि जिला चूल हवी होती ती तिच्यासाठी चुलीवाचून. दोघी एकमेकींवर उपकार करत बारा हजार फुटांवर कुडकुडत होतो. मी कपाळावर हात मारला. मग ती हसायला लागली, मीही हसायला लागले, आणि हसता हसता कोण केव्हा रडायला लागलं ते सांगता येत नाही. मी तिला विचारलं, ‘आधी का नाही बोललीस?’ ती म्हणाली, ‘तू का नाही विचारलंस?’ बरोबर आहे. चोराच्या मनात चांदणं. जी ऐकते चोरून, ती विचारणार कशी?

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीपासून दीड मैलावरच्या एका सपाट टप्प्यावर गेलो. दाट झाडी, वाळलेलं लाकूड हवं तेवढं. चूल मी उचलली, हट्टानं. धुराडं छतातून बाहेर गेलं, काटक्या पेटल्या, आणि मी दोरीवर तिचे मोजे, हातमोजे, जाकीट ओळीनं वाळत घातलं. अर्ध्या तासात तंबूत धोब्याच्या दुकानासारखी वाफ. मी थालीपिठं लावली. ती मांडी घालून बसली, तिसऱ्या थालीपिठाला बोलायला लागली, आणि मला आधी कधीच सांगितलं नव्हतं ते सगळं सांगायला लागली. काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही. ते माझं आहे.

एल्क मिळाला का, हे आता सगळे विचारतात. नाही मिळाला. नवव्या दिवशी सकाळी एक मोठा नर टप्प्याच्या पलीकडच्या काठावर आला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला, शिंगं अशी की दारातून आत येणार नाहीत. ती रायफल टेकून आडवी पडली होती. मी श्वास धरला होता. पण नेम खात्रीचा असेल तेवढ्याच अंतरावरून गोळी झाडायची हा तिचा नियम, आणि तो त्याहून लांब होता. तिनं बराच वेळ बघितलं आणि बोट बाजूला घेतलं. तो चरत चरत निघून गेला. माझ्या हातात असतं तर मी दगड तरी मारला असता.

दुपारी तंबू गुंडाळून गाडीपाशी आलो. तिनं न वापरलेला परवाना पाकिटातून काढला, बघितला आणि परत ठेवला. आठ वर्षं साठवलेले नकार संपले होते. आता पुन्हा पहिल्यापासून.

‘पुन्हा आठ वर्षं,’ मी म्हटलं. मनातल्या मनात मी एकसष्टात आठ मिळवले होते. ‘तेव्हा मात्र तू खुशाल परातीत जा. मी काही तेव्हा...’

ती सॅकचे पट्टे सोडवत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

‘तेव्हा पण खालीच,’ ती म्हणाली. ‘फक्त चूल मी उचलीन.’